शनिवारच्या वाचकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लाकडाची, दोन हातांची, वेताने विणलेली. बसायला हरकत नाही, पण धपकन बसू नका. माझा मागचा डावा पाय आता माझं ऐकत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कुणाचं ऐकायचा कंटाळा आला आहे.

सुताराने मला एका कचेरीतल्या साहेबांसाठी बनवलं. साहेब अंगाने भारदस्त होते आणि रागावताना मागे रेलायची त्यांना खोड होती. त्यामुळे माझी पाठ ऐन तरुणपणीच कामातून गेली. तरी तेव्हा माझा थाट होता. शिपाई रोज सकाळी माझ्यावरून फडकं फिरवायचा. साहेब रजेवर असले की तोच माझ्यावर बसून साहेबांसारखा खाकरायचा, आणि मला ते मनापासून आवडायचं. मग कचेरीत चाकांच्या, गरागरा फिरणाऱ्या खुर्च्या आल्या. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मी धूळ खात पडले. माझ्या एका हातावर लादी पुसायचं ओलं फडकं वाळत घालायचे. त्या हातावरचा काळा डाग अजून गेलेला नाही.

तिथून मला वाचनालयाच्या बाईंनी उचलून आणलं. त्यांच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी एक मंडळ जमायचं. विज्ञानकथा आणि कॉमिक्स वाचणाऱ्यांचं मंडळ. ज्यांच्यापुढे घरच्यांनी हात टेकलेत, अशी ही सगळी माणसं. केस पिकलेले, गुडघे दुखणारे, पण यंत्रमानवाला लाज वाटते की नाही यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. मंडळी कडेच्या बाकांवर बसायची आणि मी खोलीच्या मधोमध. माझ्यावर बसेल त्याने सध्या काय वाचतोय ते सांगायचं.

नियम दोनच होते. गोष्टीचा शेवट फोडायचा नाही. आणि ज्याचं सध्या काही वाचन चाललेलं नाही, त्याने माझ्यावर बसायचं नाही, बाकावर बसून नुसतं ऐकायचं. हा दुसरा नियम घड्याळजींनी घातला होता.

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. बायको गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. ते जाडजाड पुस्तकं आणायचे, अंतराळयानांची, परग्रहांची, आणि माझ्या हातांवर तळवे ठेवून असं काही सांगायचे की बस कंडक्टरसुद्धा गप्प बसायचा. हा कंडक्टर मंडळातला सर्वांत मोठा कॉमिक्सवेडा. त्याला गप्प बसवणं त्याच्या बायकोलाही जमलेलं नव्हतं.

मग घड्याळजींचे डोळे गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. मंडळात कुणाला कळलं नाही. मला कळलं, कारण पूर्वी ते बसता बसता माझ्या हातावर पुस्तक ठेवून, बोट ओलं करून पानं उलटायचे. आता मुखपृष्ठ फाटलेलं एकच जुनं पुस्तक मांडीवर नुसतं उघडं असायचं आणि पान काही उलटायचं नाही. तरी दर शनिवारी ते सांगायचे, "सध्या एक भारी पुस्तक हाती लागलंय."

ते सांगायचे ते पुस्तक कुठेच नव्हतं, मांडीवरचं भलतंच होतं. ते घड्याळजींच्या डोक्यात होतं. एका अंतराळवीराला दूरच्या एका लहानशा ग्रहावर दिवा राखायला ठेवलेलं असतं. तो झोपून उठतो तेव्हा दर वेळी जगातला एक रंग कमी झालेला असतो. आधी जांभळा जातो, मग हिरवा. तो पृथ्वीवर कळवतो, पण पृथ्वीवरचे म्हणतात, आम्हाला तर सगळे रंग दिसताहेत. हे ऐकताना सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. मला मात्र रडू यायचं. लाकडाला रडता येत नाही, एवढंच.

मंडळी त्या पुस्तकासाठी वेडी झाली. बाईंनी विक्रेत्यांना विचारून विचारून भंडावून सोडलं. कंडक्टरने बसच्या वाटेवरचं एकही दुकान सोडलं नाही.

"काका, नाव तरी सांगा पुस्तकाचं!"

"मुखपृष्ठ फाटलंय रे. सुरुवातीची पानंही गेलीत."

"मग आम्हाला द्या ना दोन दिवस."

"माझं होऊ दे आधी. मी हळू वाचतो."

हे ऐकताना माझ्या हातांवरची त्यांची पकड घट्ट व्हायची. त्यांना बाकावर बसायचं नव्हतं. बाकावर बसून नुसतं ऐकणारे हळूहळू यायचे बंद होतात, हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. शनिवारचं मंडळ सुटलं की त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

एका शनिवारी त्यांनी पुस्तक उलटं धरलं. शिवण उजवीकडे, अक्षरं डोक्यावर उभी. मंडळात दातांच्या एक डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्या काही बोलणार तोच कंडक्टर ओरडला, "अरे वा! काका, ही तर मागून पुढे वाचायची कॉमिक्स! तुम्ही पण आमच्या पक्षात आलात!" त्या जपानी कॉमिक्समध्ये शेवटचं पान पहिलं असतं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे त्याला वेगळी शंका आलीच नाही. सगळे हसले. घड्याळजीही हसले. पण हसता हसता त्यांनी पुस्तक मिटलं आणि पाठीमागे सरकवलं.

पुढच्या शनिवारी कंडक्टर पिशवी भरून तसली कॉमिक्स घेऊन आला. माणूस मनाचा मोठा. त्याने एक उघडून घड्याळजींच्या हातात दिलं. "काका, हे पान वाचाच. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू द्या."

घड्याळजींनी पानावरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. ते पुस्तकही नाहीये. मीच आपलं रचत होतो." आणि ते माझ्यावरून उठायला लागले. "नियम माझाच आहे. मी बाकावर बसतो."

कंडक्टरने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं. इतक्या जोरात की माझा डावा पाय करकरला. "कुठे निघालात? तो माणूस तिकडे ग्रहावर एकटा लटकलाय आणि तुम्ही बाकावर बसणार? आमचा जीव टांगणीला लावलाय तुम्ही!"

"अरे, पण मी वाचत नाहीये."

"लिहिताय ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तेच सांगा. कुठला रंग गेला आता?"

घड्याळजींनी पुन्हा माझ्या हातांवर तळवे ठेवले. मग म्हणाले, "निळा. परवाच गेला."

मित्रांनो, खरं तर त्याच महिन्यात मी मोडीत निघणार होते. बाईंनी प्लास्टिकच्या खुर्च्या पाहून ठेवल्या होत्या आणि मीही मनातून तयार होते. दमले होते मी. पण घड्याळजी मला हात लावून ओळखत, म्हणून बाईंनी तो बेत सोडला. माझी काही सुटका झाली नाही. आता कंडक्टर शेजारी बसून त्यांना कॉमिक्स सांगतो. "या चौकटीत एक माणूस आहे, त्याच्या पोटातून वायर निघालीय. नाही, पाठीतून." घड्याळजी वैतागून विचारतात, "नक्की कुठून?" आणि दोघांची जुंपते. ऐकून ऐकून माझं डोकं उठतं, पण मला ते हवंही असतं.

एवढंच असतं तर मी तुम्हाला काही सांगत बसले नसते. पण एका शनिवारी झाडणाऱ्याने खोली झाडताना मला भिंतीला लावलं आणि तसंच ठेवलं. घड्याळजी सगळ्यांच्या आधी आले. नेहमीसारखे पावलं मोजत मधोमध आले, वळले, आणि निर्धास्तपणे बसले. तिथे मी नव्हते. मी भिंतीपाशी उभी राहून सगळं बघत होते. त्यांचं मनगट मोडलं. कितीतरी शनिवार ते आले नाहीत. आता येतात, पण बसण्याआधी वाकून आजूबाजूला चाचपडत राहतात, आणि मी हाताला लागले तरी त्यांना खात्री वाटत नाही.

मित्रांनो, खुर्ची वापरून झाली, केर काढून झाला, खेळून झालं, की ती होती तिथेच ठेवा. तुम्हाला डोळे आहेत, म्हणून ती कुठेही असली तरी तुमचं भागतं. मला चार पाय आहेत, पण एकही चालत नाही. चालत असता, तर त्या संध्याकाळी मी भिंतीपासून धावत सुटले असते.