थोरल्या राणीच्या सात तुळया

टेकडीवरचा गोंड राजाचा महाल मी अठरा वर्षं मोजतेय. खाली काळा दगड, वर वीट, सगळं काम चुन्यातलं. भिंती इतक्या रुंद की एका भिंतीच्या पोटातूनच जिना वर जातो. राजाला दोन राण्या होत्या. दोघींची दालनं बोटभरही कमी-जास्त नाहीत, असं गाइड सांगतो. सांगू दे. धाकटीचं चार बोटं मोठं आहे, मी मोजलंय.

मलाही एक धाकटी जाऊ आहे. आर्किटेक्चरची पदवी घेऊन ती आमच्याच दुरुस्ती कार्यालयात लागली आणि सहाव्या महिन्यात साहेबांनी थोरल्या राणीच्या दालनाच्या नव्या छपराचा नकाशा काढायचं काम तिच्या हाती दिलं. ज्याच्या नकाशावर हे छप्पर चढेल, पुढे सगळा महाल त्याच्याकडेच जाणार, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. घरी सासूबाई तिचं कौतुक करत होत्या आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"ताई, तुमची फीत देता?" तिनं विचारलं.

दिली. फितीचे पहिले दहा सेंटिमीटर कधीच तुटून गेलेत. मी दहाच्या आकड्यापासून मोजते आणि शेवटी दहा वजा करते. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. पडलेल्या छपराचा मलबा नुकताच काढला होता; भिंतीच्या माथ्यावर ज्या खाचांत तुळया बसतात, त्यांची मापं याआधी कुणीच घेतली नव्हती. मनात म्हटलं, तुळया लांब येतील, सुतार कापेल, हिचं जरा हसं होईल. मला तेवढं पुरे होतं.

नकाशा सुताराकडे जायचा त्या दुपारी ती डबा घेऊन माझ्या शेजारी बसली. "साहेबांना सांगितलंय, नकाशावर तुमचंही नाव घालायचं. हा महाल तुम्हीच शिकवलात मला."

मी माझा डबा अर्धाच मिटला. ती हात धुवायला गेली तशी मी तिच्या टेबलाशी गेले. नकाशा अजून पेन्सिलीतच होता. मी खोडरबर घेतलं आणि सातही मापांतून दहा-दहा वजा केले. मनावरचं ओझं उतरलं.

तुळया आल्या. पहिली वर चढवली. तिचं एक टोक खाचेत बसलं, दुसरं बाहेरच राहिलं. दुसरीचंही तेच.

"सगळ्या दहानं आखूड," सुतार म्हणाला. "लांब असत्या तर कापल्या असत्या. आता वाढवू कशा?"

जावेनं आपली वही उघडली. "फीत तुटकी आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, ताई," ती हळूच म्हणाली. "दहा मी तेव्हाच वजा केले होते." मग तिची नजर नकाशावरच्या खाडाखोडीवर गेली आणि तिथून माझ्यावर.

साहेब धापा टाकत वर आले. "कुणाची चूक?"

"माझी," ती म्हणाली. "वहीतून उतरवताना आकडे चुकले."

ना आढेवेढे, ना माझ्याकडे बोट. सगळ्यांदेखत ती केवढी मोठी दिसली. अठरा वर्षांत मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता. म्हणजे हेही हिलाच मिळणार?

"खोटं बोलतेय ती," मी पुढे होऊन म्हणाले. "आकडे मी खोडलेत."