परक्याचा कोट

विद्यादानासाठी सातासमुद्रापार जाणं हे थोर कार्य आहे, असं शिवणकला संस्थेच्या संचालकांनी निरोप समारंभात सांगितलं. तिथे शिकवणाऱ्या मॅडमच्या यजमानांना ते मनापासून पटलं. त्यांना परदेशातला मनोरा बघायचा होता.

मॅडमना परदेशातल्या एका कॉलेजात आठवडाभर कोट शिवायला शिकवायचं होतं. यजमान नुकतेच निवृत्त झालेले, म्हणून स्वखर्चाने सोबत निघालेले. सामानाची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली आणि बॅग ओळखू यावी म्हणून तिला लाल रिबीन बांधली. ही शक्कल जगात आणखी कुणाला सुचली असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हॉटेलात बॅग उघडली, तर मॅडमच्या अर्धवट शिवलेल्या नमुन्यांऐवजी मोजे, दाढीचं सामान आणि एक करडा कोट निघाला.

"पण रिबीन तर लालच आहे," यजमान म्हणाले.

"मग उद्या वर्गात रिबीनच दाखवते."

विमानतळावर तक्रार नोंदवली. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर कोट काढला आणि वर्गाने मनसोक्त जांभया दिल्या. यजमान तेवढ्यात शहर बघायला निघाले, उलट्या दिशेच्या बसमध्ये बसले आणि बस डेपो अगदी बारकाईने बघून आले.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात तो करडा कोट घेऊनच गेल्या.

"खालचं अस्तर तेवढं उसवते," त्यांनी निघताना यजमानांना सांगितलं. "परत टाके घातले की ब्रह्मदेवालाही कळायचं नाही."

अस्तर उसवलं आणि वर्ग जागा झाला. खांद्याच्या आत काय असतं? कॉलर ताठ कशी राहते? मॅडमना शंका विचारलेल्या फार आवडतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाह्या एका टेबलावर, कॉलर दुसऱ्यावर, पाठ खिडकीशी, अशी भाऊबंदकीतल्या जमिनीसारखी कोटाची वाटणी झालेली होती.

त्याच वेळी यजमान हसत हसत दारात उभे राहिले. खिशात मनोऱ्याची चार वाजताची तिकिटं होती.

"अगं, बॅगवाला सापडला! तुझे नमुने त्याच्याकडेच आहेत. पाच वाजता इथे येऊन बॅग बदलून नेणार आहे. तोवर आपण मनोरा..." त्यांची नजर टेबलांवरून फिरली. "हे काय?"

"त्याचा कोट."

"कुठला भाग?"

"सगळाच."

यजमान मटकन खाली बसले.

"अहो, बसलाच आहात तर बटणं लावा," मॅडम म्हणाल्या.

"आणि मनोरा?"

"ती बॅग कोणी उचलली?"

यजमानांनी सुई घेतली. मॅडमनी वर्गाला कामाला जुंपलं. ज्याने जे उसवलं त्यानेच ते जोडायचं. घाईत डावी बाही उजवीकडे बसली, ती पुन्हा काढावी लागली. शेवटी वर्गाचा जीव कोटात अडकला. कालचे जांभईबहाद्दर आज श्वास रोखून टाके घालत होते. मनोऱ्याचं टोक खिडकीतून दिसत होतं. दर बटणामागे यजमान एकदा मान वर करून बघत आणि मग बोटात सुई टोचून घेत. तेवढंच त्यांचं पर्यटन.

कोटावर शेवटची इस्त्री फिरली आणि तो बॅगेत जातो न जातो तोच एक गोल गरगरीत गृहस्थ मॅडमची बॅग ढकलत आत आला. दोन्ही रिबिनी बघून तो पोट धरून हसला. मग त्याने आपली बॅग उघडली आणि कोट बाहेर काढला.

वर्गाने वह्यांत डोकी खुपसली. मॅडम छताकडे बघू लागल्या.

"कोट गरम कसा?" त्याने विचारलं.

"इथे उकडतं फार," यजमान म्हणाले.

गृहस्थाने कोट उलटा केला, सुलटा केला आणि सुस्कारा सोडला.

"बायको प्रत्येक प्रवासात हा भरते. लग्नातला आहे. कित्येक वर्षांत अंगात शिरलेला नाही." त्याने तो मॅडमपुढे धरला. "तुम्ही शिवण शिकवता ना? मग ठेवून घ्या. पोरांना उसवून बघायला होईल."

चारची तिकिटं पाचनंतर चालत नाहीत.