लाल पट्टी

"खरं बोलणं हाच माणसाचा कणा आहे!" आस्गरने छताकडे बोट रोखून जाहीर केलं. तेवढ्यात पर्निलने पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली, तसं "आई गं!" म्हणून त्याने तेच बोट तिच्या बाहीत रुतवलं. मास्तरांचा स्वतःचा कणा सध्या जंतूंच्या ताब्यात होता.

पर्निल या वॉर्डाची नर्स. चौथीत असताना आस्गर मास्तरांनी हेच वाक्य तिच्याकडून पन्नास वेळा लिहून घेतलं होतं.

"हे औषध जरा जोरात सोड ना. दोन-दोन तास बांधून घालतेस मला."

"जोरात सोडलं तर उकडलेल्या खेकड्यासारखे लाल व्हाल, मास्तर. पडून राहा."

आस्गर पडून राहिला. खिडकीतून त्याच्या बेटाकडे जाणारी फेरीबोट दिसत होती. दोन आठवड्यांत ती त्याच्याशिवाय किती वेळा गेली, हे त्याला तोंडपाठ झालं होतं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन. हे औषध मूत्रपिंडांना सोसत नाहीये, म्हणाल्या. आणि अजून चार आठवडे बाकी आहेत. या जंतूवर याहून चांगलं इंजेक्शन आहे, पण ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं. त्यांनी आस्गरच्या मनगटावरच्या, ॲलर्जीच्या लाल पट्टीकडे पाहिलं.

"लहानपणी नेमकं काय झालं होतं?"

आस्गरने तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, गुडरुनने, पर्समधून ॲलर्जीचं कार्ड काढलं होतं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ते कार्ड तिने तीनदा नवं करून घेतलं होतं.

"आठ वर्षांचा होता. पेनिसिलिनची एकच सुई टोचली आणि अंगभर गांधी उठल्या! थोडक्यात वाचला." मग आवाज खाली आणून, "पाद्रीबाबांना बोलावलं होतं."

पाद्रीबाबा या गोष्टीत अलीकडेच, गेल्या नाताळात आले होते. गोष्ट रंगवून सांगताना आस्गरनेच त्यांना आणलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी गुडरुनने निळ्या बुरशीचं चीज घरातून हद्दपार केलं होतं. पेनिसिलिनही बुरशीचंच ना! माहेरी ती रोज सकाळी राई धान्याच्या काळ्या पावावर तेच खायची.

"नीट आठवून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडं गेली, तर परत येत नाहीत."

आस्गरने दोन बोटं पट्टीखाली घातली. पट्टी निघेना. सलाइनचा एक थेंब पडला, मग दुसरा.

"गुडरुन," तो पांघरुणाकडे बघत म्हणाला, "अजून नऊ सुया बाकी होत्या. मी कुंपणाजवळची खाजरी पानं अंगाला चोळली."

पर्निलच्या हातातली चिकटपट्टी अर्धीच फाडलेली राहिली. बाहेर फेरीबोटीने भोंगा दिला.

"सगळीकडे?" गुडरुनने विचारलं.

"पाठीला हात पोचला नाही."

"आणि पाद्रीबाबा?"

आस्गरने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"मग काढ ही पट्टी," तो पर्निलला म्हणाला.

"इतक्यात नाही. आधी अगदी थोडं पेनिसिलिन पोटात देऊन बघायचं, तासभर शेजारी बसून लक्ष ठेवायचं. नुसत्या तुमच्या शब्दावर नाही सोडायचं, मास्तर."

एवढं बोलून तिने नको इतक्या काळजीने चिकटपट्टी चिकटवली.

दुपारी औषध दिलं. पर्निल दर पाच मिनिटांनी नाडी बघत होती. गुडरुनने खुर्ची पुढे ओढली, चष्मा चढवला आणि आस्गरच्या मानेवर नजर लावली. सेहेचाळीस वर्षं प्रत्येक पार्टीत, प्रत्येक दवाखान्यात ती अशीच बघत आली होती. गांधी उठली नाही. श्वास अडला नाही. तासाभराने आस्गरची मान होती तशीच होती, फक्त घामेजलेली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. रात्रीपासून नवं इंजेक्शन, म्हणाल्या. पर्निलने कात्री घेतली आणि लाल पट्टी कापली.

"गुडरुन, काहीतरी बोल," आस्गर म्हणाला. "हवं तर ओरड."

तिने ते कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावली.

"पर्निल, खाली कॅन्टीनमध्ये निळं चीज मिळेल का गं, राईच्या पावावर?" तिने विचारलं. "एकच सांग. त्याला नको."