बेचाळीस दिवसांचा नियम

पांढऱ्या कागदी रुमालावरचा काळा ठिपका दहा सेकंदांत चार सेंटिमीटर सरकला. मिरपुडीचा कण असा सरकत नाही, म्हणून मी भिंग आणलं. ठिपक्याला आठ पाय होते आणि त्याचं पोट रक्तानं टम्म फुगलं होतं. ते रक्त ब्लॉडवेनचं होतं.

ब्लॉडवेन माझी अजगरीण. सव्वा मीटर लांब, चौदा वर्षांची, लाजाळू. तीन दिवस ती पाण्याच्या भांड्यात बसून होती आणि तिला उकडत असेल असं मला वाटत होतं. आता भांड्याच्या तळाशी एकोणीस ठिपके बुडून मेलेले दिसले. तिच्या हनुवटीखालच्या खवल्यांत आणखी तीन, जिवंत. या गोचिडीच्या धाकट्या बहिणी, माइट. खवल्याखाली शिरून रक्त पितात आणि पेटीच्या सांदीकोपऱ्यात अंडी घालतात.

आमच्या खोऱ्यात साप पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे, एकतीस सभासदांचं. मंडळाचा नियम असा की नवा किंवा परका साप आधी बेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचा. माइट सापडल्या तर त्याच दिवशी सेक्रेटरीला कळवायचं आणि पुढचे बेचाळीस दिवस त्या घराशी कोणी येणंजाणं ठेवायचं नाही, कारण माइट बाहीवर बसूनही प्रवास करतात. नऊ वर्षांपूर्वी हा नियम मीच लिहिला. कोणी विरोध केला नाही. मी आलेख दाखवला होता.

आणि पाच आठवड्यांपूर्वी मी गेथिनचा नर, इद्रिस, जोडीसाठी महिनाभर आणला आणि त्याच दुपारी थेट ब्लॉडवेनच्या पेटीत सोडला. दुसऱ्या कोणी आणला असता तर मी त्याला मागच्या खोलीत डांबलं असतं आणि मालकाला बूट काढून अंगणात उभं केलं असतं. पण गेथिननं सोबत मनुकांचा केक आणला होता, अजून कोमट. हे माझं स्पष्टीकरण आहे. ते चांगलं नाही.

गेथिन समोरच राहतो, दारापासून दारापर्यंत सव्वीस पावलं. घरांच्या छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरशा बसवतो. गेली चार वर्षं दर वसंतात तो मला विचारतो, आपण एका घरात राहू या का. मी सांगते, विचार करतेय. ते खरंच आहे. अकरा वर्षं मी एकटी राहतेय आणि एकटेपणातल्या नीटनेटकेपणाची मला सवय झाली आहे. या वर्षी तो म्हणाला, "नेरिस, एवढ्या वेळात डोंगरसुद्धा थोडे सरकतात." मी त्याला डोंगर वर्षाला किती मिलिमीटर सरकतात ते सांगितलं. त्या आकड्याचा मला आठवडाभर पश्चात्ताप झाला.

मी फोन केला तेव्हा तो दोन मिनिटांत आला, एकाच पायात मोजा घालून. ऐकून तसाच परत पळाला आणि इद्रिसला उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन आला. इद्रिस आठवड्यापूर्वीच घरी गेला होता. त्याच्या अंगावर मी तीस मोजल्या आणि पुढे मोजणं सोडलं.

माइट त्याच्याच घरातून आल्या, असं गेथिन म्हणाला. मी म्हणाले की त्याला पुरावा नाही, माझ्या पेटीतल्या लाकडाच्या भुश्यातूनही आल्या असतील. तो अपराध सोडायला तयार नव्हता आणि मीही नव्हते. "आधी तुम्ही" म्हणत दारात अडकलेल्या दोन पाहुण्यांसारखे आम्ही दहा मिनिटं भांडलो.

मग स्वयंपाकघरात आंघोळी. भांडी धुण्याची दोन घमेली, तीस अंशांचं पाणी, सापाच्या निम्म्या जाडीइतकं. ब्लॉडवेन शहाण्यासारखी बसली. इद्रिस गेथिनच्या उजव्या बाहीत शिरला आणि पाठीवरून फिरून कॉलरमधून बाहेर आला. गेथिन बुजगावण्यासारखा हात पसरून उभा.

"माझं जे काय उरलंय ते सांभाळ," तो हळूच म्हणाला.

मी हसले. काम करताना मी सहसा हसत नाही. ब्लॉडवेनच्या डोळ्याभोवती लावायला कापसाच्या काडीवर तेल घेतलं होतं. ती काडी खाली ठेवावी लागली.

सापाच्या माइट माणसाला सहसा त्रास देत नाहीत. तरी आम्हा दोघांना खाज सुटली. माझ्या दाढीत बिऱ्हाड थाटलंय, असं गेथिन शपथेवर सांगू लागला. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन त्याची दाढी तपासली. एकही नव्हती. तपासणीला लागायला हवा होता त्यापेक्षा वेळ थोडा जास्त लागला.

मी काम करते त्या कॉलेजच्या काचघरातल्या कुंड्यांसाठी आणलेली एक नळी माझ्याकडे होती. तिच्यात दहा हजार शिकारी माइट. त्या दुसऱ्या माइटांना खातात, खाणं संपलं की मरतात, सापाला काही करत नाहीत. नळी हलक्या हातानं ठोकायची असते. गेथिननं छपरावरची फरशी ठोकावी तशी ठोकली. निम्मं सैन्य शेजारच्या, तव्यावर भाजलेल्या गोड भाकऱ्यांच्या ताटलीत उतरलं.

"यांना परत कसं बोलवायचं?" त्यानं विचारलं.

बोलवता येत नाही, असं मी सांगितलं. त्यानं एक भाकरी झटकून खाल्ली. मग मीही खाल्ली. थोडी मातकट लागली.

चार वाजले. कळवायचं राहिलं होतं. या एका वेळी नाही कळवलं तर काय बिघडेल, असं गेथिननं घमेल्याकडे बघत विचारून पाहिलं. मी नाही म्हणाले. मग कागद घेऊन त्याला हिशेब समजावला. दोन घरांत लागण, मध्ये सव्वीस पावलं. दोन्हीकडे उपचार चालू असताना तो एकदा जरी इकडे आला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणजे बेचाळीस दिवस भेट नाही, खिडकीतून हात हलवायचा. किंवा दोन्ही साप एका खोलीत, दोन्ही माणसं—

मी पेन्सिल थांबवली. पुढचं त्यालाही कळलं होतं. दर वर्षी विचारणारा माणूस या वेळी मात्र चहाच्या फडक्यानं इद्रिसला शेपटीकडून कोरडं करू लागला.

मी मायर पग यांना फोन लावला. त्या मंडळाच्या सेक्रेटरी, वय एकोणऐंशी.

"तुझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "पोरी, तू मला माझ्याच घरात हात धुवायला लावले होतेस." मग बराच वेळ हसल्या. हसणं आवरल्यावर वही उघडल्याचा आवाज आला. साप किती, कधी दिसल्या, सगळं लिहून घेतलं. इद्रिसचं मी स्वतःहून सांगितलं.

"म्हणजे गेथिनकडेही. बिचारा. मग दोन घरं लिहिते, दोघांना बेचाळीस दिवस बंदी. तुमची एकमेकांकडेही, बरं का. नियम तुझाच आहे."

मायरचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता; गेथिनचा हात फडक्यावरच थांबला. तो खिडकीतून समोरच्या आपल्या दाराकडे बघत होता.

"दोन नका लिहू, मायर," मी म्हणाले. "एकच घर लिहा. गेथिन आजपासून इथे राहणार आहे."