एक्स्टेन्शन, मुक्काम घसा

मी एक्स्टेन्शन बोलतोय. पलंगाखाली वाकून बघू नका. तिथे धूळ खात पडलेली ती पांढरी वायर म्हणजे मी नव्हे, तिला नुसतं माझं नाव दिलंय. मी शब्द आहे. चांगला खानदानी, इंग्रजी शब्द. आणि सध्या मी एका म्हाताऱ्याच्या घशात अडकलोय. हसू नका हो! हकीकत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल, बिचारा जन्मभर अडकतच आला.

माझं मूळ घर लॅटिन. तिथे ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘टेन्डेरे’ म्हणजे ताणणं. या दोघांच्या पोटी माझं घराणं जन्माला आलं. बाहेर ताणणं, हेच आमचं काम. हात पुढे करा, दोरी लांबवा, कापड पसरा, मी आलोच. सहाएकशे वर्षांपूर्वी मी इंग्रजीत उतरलो. भावकी मोठी आहे माझी. तंबूला इंग्रजीत टेन्ट म्हणतात, तो आमच्यातलाच. टेन्शन तर तुम्ही उठताबसता घेता. आणि गंमत सांगू? तुमच्या मराठीतला तो ‘ताण’ आहे ना, तोही आमच्याच रक्ताचा. भाषेचे जाणकार सांगतात, फार फार मागे गेलं तर आमचं मूळ एकच. त्यामुळे मी मराठीत आलो तेव्हा मला परकं असं वाटलंच नाही. फक्त ताण घरचा आणि मी पाहुणा, एवढंच.

आधी मी हाताचा होतो. मग लोकांनी मला रस्त्यांना लावलं, रेल्वेच्या रुळांना लावलं, घरांना लावलं, टेलिफोनला लावलं. मी कुठेच कुरकुर केली नाही. लांबायला मिळतंय ना, बस. पण कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि मला वेळेला जुंपलं, तिथे माझं नशीब फिरलं. हात लांबवला तर तो कुठेतरी पोचतो. मुदत लांबवली तर माणूस आहे तिथेच राहतो.

आता या घराकडे वळतो. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा गॅलरीला काचा लावून तिची खोली केली. तिला सगळे ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्या खोलीत पलंग टाकला की कपाट उघडत नाही आणि कपाट उघडायचं तर पलंगावर चढून बसावं लागतं. कपाट तर खिडकीला असं चिकटवलं होतं की काच सरकायचीच नाही. माझ्या नावाची खोली, आणि तिच्यात हातपाय ताणायची सोय नाही.

घराचे मालक बाबा. एका मोठ्या कचेरीत भांडारपाल होते. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी त्यांना दोनदा मुदतवाढ दिली, आणि तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी बसलो तो बसलोच. “एक्स्टेन्शन मागून मिळत नाही, त्याला लायकी लागते,” हे वाक्य दारावर येणाऱ्या दूधवाल्यानेसुद्धा ऐकलंय. नंतर कचेरीतून कधी कुणाचा फोन आला नाही. बाबा वाट मात्र बघायचे. फोन वाजला की पहिला हात त्यांचा.

या घराची एक रीत आहे. इथे कुणी ‘नाही’ म्हणत नाही. मुलाला लहानपणी शाळेत जायचं नसलं की तो म्हणायचा, “बाबा, एक दिवस एक्स्टेन्शन.” गळका नळ दुरुस्त करायचा राहिला, की एक्स्टेन्शन. आई होत्या तेव्हा त्या चिडून म्हणायच्या, “मेलं ते एक्स्टेन्शन! एकदा हो म्हणा नाहीतर नाही म्हणा.” त्या गेल्या आणि घरात मला हटकणारं कुणी उरलं नाही.

सूनबाई विणकाम शिकलेली. लग्नात तिने दागिने आणले की नाही मला ठाऊक नाही, पण एक छोटा हातमाग आणला. तो पलंगाखाली माझ्या नावाच्या वायरीशेजारी बसायचा. तिला दूरच्या गावी एका कापड कारखान्यात नोकरी मिळाली. कापडाचे नवे नमुने विणून बघायचे, हे तिचं काम. त्याच गावात मुलानेही काम धरलं, एक खोली घेतली आणि तो पुढे गेला. आठवड्याभरात सूनबाई निघणार होती. बॅग आधीच भरून दारात ठेवलेली होती.

आणि बाबा न्हाणीघरात पडले. उजवं कोपर मोडलं.

तिने बॅग परत आत ठेवली आणि कारखान्यात फोन लावला. “मॅडम, रुजू व्हायला थोडं एक्स्टेन्शन मिळेल का?” मॅडम भल्या होत्या, दिलं त्यांनी. प्लास्टर निघालं, पण कोपर वाकलेलंच राहिलं. हात सरळ होईना. शर्टाची बटणं सूनबाई लावायची, केस ती विंचरायची, चहाचा कपसुद्धा ती हातात द्यायची. मग पुन्हा फोन, पुन्हा एक्स्टेन्शन. नवऱ्याला विचारलं तर तो पलीकडून म्हणायचा, “तू म्हणशील तसं. बघू.” बघू म्हणजे या घरातलं माझं धाकटं भावंड.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ ताई यायच्या. त्या आल्या की मला जरा बरं वाटायचं, कारण त्या मला माझ्या मूळ अर्थाने हाक मारायच्या. “आजोबा, एक्स्टेन्शन! हात सरळ करा. अजून. अजून थोडं.” किती दिवसांनी कुणी मला हाताला लावत होतं! हात रोज थोडा उघडत गेला. मग एका जागी येऊन थांबला तो थांबलाच.

“आजोबा, सांधा असा एकाच जागी हट्ट धरून बसत नाही हो,” ताई म्हणाल्या.

“काय करणार ताई, एक्स्टेन्शन होतच नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी मला जिभेवरून असं अलगद सोडलं की मला माझीच लाज वाटली.

कारण मला ठाऊक होतं. दुपारी सूनबाई भाजी आणायला गेली, की बाबा या खोलीत यायचे आणि कपाटाच्या डोक्यावरचा बिस्किटांचा डबा काढायचे. उजव्या हाताने! हात कसा ताठ, सरळ वर. दोन बिस्किटं खाऊन डबा पुन्हा जागेवर. दाराची कडी वाजली की हात परत पोटाशी. पोटात एक आणि ओठात एक, आणि ओठात कोण? मी!

राग आला मला. पण खरं सांगू, एके दुपारी डबा हातात धरून ते तिथेच पलंगावर बसले आणि तिच्या भरलेल्या बॅगेकडे बघत राहिले. बिस्कीट खाल्लंच नाही. हात सरळ झाला की ती जाणार, घरात भांड्याचा आवाज नाही, ‘बाबा, चहा’ नाही. त्यांना एकटं राहायची भीती वाटत होती, आणि ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. होता तो मीच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, सांगून टाका की पोरीला! पण शब्दाला स्वतःचं तोंड नसतं. कुणी उच्चारलं तर आम्ही. अडकलो होतो तिघेही, ते, ती आणि मी.

मग मॅडमचा फोन आला. “सोमवारी या, आणि येताना एक नमुना विणून आणा. आता एक्स्टेन्शन नाही. नाही आलात तर जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल.” सूनबाईने फोन ठेवला आणि बाबांसमोर काही बोलली नाही. खोलीत आली, पलंगावर चढून बसली आणि तोंडावर उशी दाबून रडली. मग डोळे पुसून माग बाहेर काढला. “जायला मिळो न मिळो,” ती स्वतःशीच म्हणाली, “विणून तर बघते.”

आता विणायचं म्हणजे आधी उभे धागे मागावर चढवायला हवेत. त्याला ताणा म्हणतात. पुन्हा आमचाच नातलग! त्याची रीत अशी. धाग्यांचं एक टोक मागाच्या रुळाला, म्हणजे गोल फिरणाऱ्या दांड्याला बांधायचं, दुसरं टोक एका काठीला. ती काठी कुणीतरी समोर दोन्ही हातांनी ओढून धरायची. रूळ फिरेल तसं त्या माणसाने हळूहळू पुढे यायचं, पण ताण सोडायचा नाही. एकदा का धागे सैल पडले, की सगळी गुंतागुंत. मग कात्री लावा आणि नव्याने सुरुवात करा. आणि सोमवार तर तोंडावर आला होता.

खोलीत एवढी लांबी कुठली! तिने माग खोलीच्या दारात ठेवला आणि धागे बाहेर काढले, बैठकीच्या खोलीतून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. निळे, पिवळे, निळे. त्या बंद खोलीतून पहिल्यांदा काहीतरी बाहेर ताणलं जात होतं. मला तर भरूनच आलं.

“बाबा, जरा काठी धराल? उजवी बाजू मी खुर्चीच्या पाठीला अडकवते. तुम्ही फक्त डावीकडून धरा. मी सांगेन तेव्हा खुर्ची पायाने पुढे ढकला.”

“धरतो की. एका हाताचा माणूस मी, पण धरतो,” बाबा म्हणाले. बिचारेपण अंगावर शालीसारखं ओढून उभे राहिले.

ती रूळ फिरवू लागली. धागे सरळ, नीट, एकाशेजारी एक. बाबा डोळे न मिटता बघत होते. सगळी हयात माल रचण्यात गेलेला माणूस, नीट लागलेली रांग त्यांना फार आवडायची. “वा,” ते म्हणाले, “काय सुरेख बसतायत गं!” आणि ढकलताना खुर्चीचा पाय फरशीच्या फटीत अडकला. खुर्ची कलंडली. काठीचं उजवं टोक सुटलं आणि अर्धे धागे खाली लोंबू लागले.

“अगं गेले, गेले!” बाबा ओरडले. आणि उजव्या हाताने झडप घालून त्यांनी काठी पकडली. मागे रेलून दोन्ही हातांनी ओढून धरली. धागे पुन्हा ताठ झाले.

हातही ताठ होता. खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ.

सूनबाई त्या हाताकडे बघत होती. बाबाही त्या हाताकडे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यांचा चेहरा पडला. हात मागे घेऊ की नको, असं त्यांना झालं, कोपर जरासं वाकलंच.

“बाबा,” सूनबाई म्हणाली. तिने रूळ सोडला नव्हता. “हात सोडू नका. ताण जाईल.”

त्यांनी हात पुन्हा सरळ केला. ती रूळ फिरवत राहिली, ते पाऊल पाऊल पुढे येत राहिले. धागे संपत आले तेव्हा बाबा अगदी तिच्या समोर येऊन पोचले होते. तिने काठी त्यांच्या हातातून घेतली आणि मागाला बांधली.

“कधीपासून, बाबा?”

“बरेच दिवस झाले.” त्यांना मान वर करवेना. “घर खायला उठतं गं. तुझी सासू गेल्यापासून फार खायला उठतं. तू आहेस तर कुणीतरी आहे.”

“मग असं सांगायचं ना मला! मी रागावले असते का? आता रागावलेय, पाहा. खूप रागावलेय.” आणि तिला रडू फुटलं. “माझी नोकरी चालली होती हो बाबा. सोमवारी गेले नाही तर जागा दुसरीला देणार आहेत.”

“रागाव. रागावायलाच हवं.” मग उजवा हात पुढे करून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. “सूनबाई, आता मला एक्स्टेन्शन देऊ नकोस. मी मागितलं तरी नको. सोमवारी तू जा.”

माझं नाव मी हजारदा ऐकलंय, पण मला नको म्हणण्यासाठी कुणी मला असं उच्चारलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

ती गेली. नमुना घेऊन, माग घेऊन गेली. पहिले दिवस बाबांचे फार वाईट गेले. चहा उतू जायचा, जेवण अर्धं राहायचं, आणि ते उगाच या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. मग फिजिओ ताईंनी आणि शेजारच्यांनी मिळून कपाट हलवलं. खिडकीची काच सरकली. आता बाबा रोज तिथे उभं राहून हाताचा व्यायाम करतात.

मी मात्र याच घरात आहे. वायरीवर धूळ, खोली रिकामी, आणि बाबांच्या तोंडची जुनी सवय. काल सूनबाईचा फोन आला होता. बाबा खिडकीत व्यायामच करत होते, डाव्या हातात फोन.

“बाबा, रविवारी येतोय आम्ही दोघं. सोमवारी सकाळच्या गाडीने परत.”

“या, या! पण लगेच सोमवारी कशाला? मॅडमना सांग ना, एक दिवस एक्स्टे...”

आणि ते थांबले. मी निम्मा जिभेवर, निम्मा आत. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मला जोर लावून मागे ढकललं.

“काय म्हणालात, बाबा?”

“काही नाही गं. खोकला आला. सकाळच्या गाडीने जा हो, चुकवू नका.”

तेव्हापासून मी इथे आहे, या घशात. अंधार आहे, जागा त्या गॅलरीपेक्षाही कमी. सांगितलं ना, जन्मभर अडकतच आलो. पण तुम्हाला माझी दया आली, तरी बाबांच्या पाठीवर थाप मारून मला बाहेर काढू नका, एवढी विनंती आहे. राहू द्या मला इथे. फोन ठेवल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते, तरी व्यायाम त्यांनी सोडला नाही. उजवा हात खिडकीतून बाहेर, सरळ ताणलेला होता. तोही मीच की.