उशिरा येणारी मुलगी आणि मी

मी सातवीच्या वर्गाचा दरवाजा. मला या चौकटीत बसवलं त्याला बरीच वर्षं झाली. पोरांनी माझ्यावर नावं कोरली, राग आला की मोठ्यांनी मला आपटलं. मी सगळं सोसलं. वय झालं तसा फक्त कुरकुरायला लागलो.

त्याचा जाच एका मुलीलाच झाला. ती रोज उशिरा यायची. श्वास रोखून मला दोन बोटांनी ढकलायची. तरी मी कर्रर्र करायचोच. चाळीस माना वळायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा कविता शिकवणाऱ्या बाई चेतनगुणोक्ती समजावत होत्या. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, बोलते, अशी कल्पना कवी करतो, असं सांगून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बघा, हा दरवाजा कसा कण्हतो.

"तो कण्हत नाही, बाई," ती मुलगी म्हणाली. "बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. माझे बाबा सुतार आहेत."

वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. तुझं बरोबर आहे, म्हणाल्या. पण तू येतेस तेव्हा त्याला बोलता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता?

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"म्हणाला असता, पोरी, तुला सांभाळून घ्यायचं फार मनात असतं गं, पण अंगच साथ देत नाही." मग मान खाली घालून ती पुटपुटली, "बाबा असंच म्हणतात. शिडीवरून पडल्यापासून."

आई पहाटेच कामाला जाते, बाबांचं सगळं आवरून मग ही निघते, हे त्या दिवशी वर्गाला कळलं. कुणी हसलं नाही. बाईंनी तिचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. "दरवाजाला मन कुठलं? आपण आपलं मन त्याला उसनं देतो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून तिच्या हजेरीपुढचा उशिराचा शेरा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांचा स्क्रूड्रायव्हर आणून माझे स्क्रू आवळले, तेल घातलं. माझी कुरकुर थांबली.

काही महिन्यांनी पालकसभेला तिचे बाबा काठी टेकत आले. सवयीने माझ्यावरून हात फिरवायला लागले.

"बाबा, त्याला विचारून हात लावा," ती म्हणाली.

ते हसले आणि खरंच माझ्याजवळ वाकून म्हणाले, "काय रे, कसा आहेस?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मला तुम्ही आपटलंत तरी चालेल. उशिरा येणाऱ्या लेकराला मात्र आधी एवढंच विचारत जा.