अख्खा मासा तपासा!

‘खाण्यास योग्य’ असा शिक्का मारलेला अहवाल प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिच्यापुढे सरकवला. खाली तपासणी करणारी म्हणून तिची सही हवी होती. नदीच्या मुखाशी पकडलेले मासे तिनेच तपासले होते. एकही आकडा खोटा नव्हता. तरी तिचा हात पुढे होईना.

वडिलांना जाऊन सात आठवडे झाले होते. जन्मभर त्यांनी त्याच पाण्यात जाळं टाकलं. शेवटी शेवटी बोटांना मुंग्या यायच्या, जाळ्याची गाठ बसायची नाही. ते कशाने गेले, हे डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. पण काल त्यांची ताटली घासून ठेवताना तिच्या लक्षात आलं, त्या ताटलीत माशाचा मधला तुकडा तिने कधी पाहिलाच नव्हता. मधला तुकडा गिऱ्हाइकाचा. घरी यायची ती डोकी, काळीज आणि न खपलेली बोटभर मासळी, पोटातल्या घाणीसकट.

आणि प्रयोगशाळेची पद्धत काय? डोकं उडवा, पोट साफ करा, मधलं मांस तपासा!

“साहेब, आपण जे तपासतो ते तिथली माणसं खातच नाहीत.”

“चार वर्षं दर वर्षी सही करताय. आजच साक्षात्कार झाला?”

“चारदा चुकले. पाचव्यांदा नाही चुकणार.”

तिने पेन खाली ठेवलं आणि थेट मासळीबाजार गाठला. तिथे मासे विकणारी तिची आत्या पाटीवर पाणी शिंपडत होती. भाचीचं म्हणणं ऐकताच तिचा पारा चढला.

“ज्या पाण्यावर वाढलीस त्यालाच नावं ठेवतेस? उद्या माझ्या पाटीकडे कुत्रं फिरकणार नाही!”

“आत्या, तू शिळा मासा विकशील?”

“जीभ आवर! कल्ले उघडून दाखवल्याशिवाय मी मासा देत नाही.”

“मग हेही तेच आहे. डोळ्याला दिसत नाही ते यंत्र बघेल.”

“आणि काही निघालं तर?”

“मधला तुकडा चांगला असेल तर मीच बाजारात ओरडून सांगेन. पण डोकी तुझ्या नातवंडांच्या ताटात पडणार नाहीत. आणि घाण कोण सोडतं, हे विचारायला आपल्या हातात पुरावा असेल.”

आत्याचा हात पाण्यातच थांबला. ती म्हणाली, “माझ्या भावाला डोकी मीच वाढायचे गं. म्हणायचे, खा, अक्कल येईल.”

मग तिने घरी न्यायची डोकी एका डब्यात बाजूला काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि चार मासळीवाल्या प्रयोगशाळेत शिरल्या. साहेबांच्या टेबलावर पाच डबे ठेवले.

“हे आम्ही घरी खातो. हे तपासा.”

“अहो बाई, नमुने समितीकडून यावे लागतात.”

“समिती आमच्याकडे जेवायला येते का?”

साहेबांनी एका डब्याचं झाकण उघडून पाहिलं. मग हळूच म्हणाले, “घ्या तपासायला. वर उत्तर मी देईन.”

मधल्या मांसात काही नव्हतं. डोक्यांत, काळजात आणि छोट्या मासळीत मात्र शिसं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं! तिने नवा अहवाल लिहिला आणि त्यावर ठसठशीत सही केली. तिच्या सहीखाली साहेबांनीही केली. बाजारात सूचना लागली. न वाचणाऱ्यांना आत्या स्वतः सांगू लागली, “तुकडा बिनधास्त न्या, डोकं आणि बारकी मासळी नको!” आणि दुपारी त्याच बायका तो अहवाल घेऊन नदीच्या वरच्या अंगाला सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत बोलावेपर्यंत कोणी हलली नाही.

नागरिकहो, अन्न तपासायचं तर ते खाणाऱ्याच्या ताटातलं तपासलं पाहिजे. ‘सगळं ठीक आहे’ असा कागद तुमच्या दारी येईल, तेव्हा एवढंच विचारा: कोणाचं ताट तपासलंत? आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका!